दोन पंचमांच्या मधली जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सिन्नरला कारखान्यात नोकरी करता आणि रात्री घरी लॅपटॉपवर संगीत करता. कल्पनेतल्या दोन लोकांचं संगीत समोरासमोर ठेवणारा चाळीसेक मिनिटांचा अल्बम करायचा आहे. एक ‘डोहकर’, म्हणजे ज्यांचं खोरं धरणाखाली गेलं आणि जे वर चढून आले. दुसरे ‘माळकर’, आधीपासून माळावर राहणारे. तीन तुकडे तयार आहेत, पण ज्याला ऐकवावं तो म्हणतो, दोन्ही एकाच माणसाचं वाटतं. कुठे चुकतंय?

आधी नावाचं बोलतो. ‘माळकर’ बदला. हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे गळ्यातली तुळशीची माळ दिसते आणि तुमचे पठारावरचे लोक विनाकारण पंढरीच्या वाटेला लागतात. मी खाली नुसतं ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणतो.

तिन्ही तुकडे दोनदा ऐकले. ऐकणारे बरोबर सांगतायत. खालच्यांना तुम्ही बासरी, पाण्याचा आवाज आणि लांबलचक रिव्हर्ब (घुमारा) दिलाय, वरच्यांना ढोल आणि धातूचे आवाज. पण दोघांचे सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांवरचेच आहेत. दोघांची लय मिनिटाला ९२. दोघंही आठ मात्रांनी वाक्य संपवतात, सोळाव्या मात्रेला नवं वाद्य आणतात, तिसऱ्या मिनिटाला सगळं एकदम वाजवतात आणि मग हळूहळू विरून जातात. हे खालच्यांचं नाही आणि वरच्यांचंही नाही. हे तुमच्या सॉफ्टवेअरच्या चौकटीचं संगीत आहे. पागोटी दोन, डोकं एकच.

मी तीसेक वर्षं नाशकात रेकॉर्डिंग करतोय. भजनी मंडळांच्या कॅसेट, जागरण-गोंधळ, राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांचं पार्श्वसंगीत, आणि आता लोकांचे पॉडकास्ट. काल्पनिक लोकांचं संगीत करण्याची खाज मलाही होती. त्यात एकदा चांगलं तोंडही पोळलंय, ते पुढे सांगतो.

तुम्हाला जे करायचंय ते आधी झालेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘द रेसिडेंट्स’ नावाचा गट आहे. ही मंडळी आपली नावं सांगत नाहीत आणि डोक्यावर भल्यामोठ्या डोळ्याचा मुखवटा घालून वावरतात. त्यांनी १९८१ मध्ये ‘मार्क ऑफ द मोल’ काढला. जमिनीखाली राहणारे, राबणारे, देवभोळे लोक, त्यांच्या बिळांत पाणी शिरतं, ते समुद्राकडे निघतात आणि तिथल्या सुखवस्तू, गुबगुबीत लोकांना भेटतात. आधी स्वस्त मजूर म्हणून स्वागत, मग भांडण. तुमच्या धरणाच्या गोष्टीशी हे किती जुळतं बघा. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, आला ‘द ट्यून्स ऑफ टू सिटीज’. त्यात गोष्ट पुढे सरकत नाही. या दोन समाजांचं संगीत आलटून पालटून ऐकवलं जातं, इतकंच. सुखवस्तूंचं संगीत म्हणजे जुन्या नाचाच्या बँडचं, पार्टीतल्या जॅझचं, पण कुठेतरी आंबलेलं. जमिनीखालच्यांचं जड, घोकत राहणारं, यंत्रघर आणि देवघर एकत्र केल्यासारखं.

त्या अल्बमकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तो करताना त्यांच्याकडे ‘ई-म्यू एम्युलेटर’ हा सँपलर होता, म्हणजे खरे आवाज नोंदवून ते कीबोर्डवर वाजवू देणारं यंत्र. यंत्र नुकतंच, १९८१ मध्ये, बाजारात आलेलं आणि हा त्यावर झालेल्या सुरुवातीच्या अल्बमांपैकी एक. आठ बिटचा आवाज, १२८ किलोबाइट स्मृती, कीबोर्डच्या एकेका अर्ध्या भागाला जेमतेम दोन सेकंदांचा आवाज. आज आपल्या फोनवर येणारा सुप्रभातचा फोटो बहुधा त्याहून मोठा असतो. पण दोनच सेकंद मिळतात म्हटल्यावर माणूस कोणते दोन, याचा विचार करतो. तुमच्याकडे हजारो तयार आवाजांची लायब्ररी आहे आणि म्हणूनच एकही आवाज कुणाच्या मालकीचा वाटत नाही. खालच्यांच्या तुकड्यात मी अकरा वाद्यं मोजली. धरणात घर गेलेल्या माणसाने पाठीवर अकरा वाद्यं कशी आणली?

ही टिंगल नाही, कामाला इथूनच हात घालायचा. संगीत कसं ऐकू यावं हे नंतर बघू. या लोकांच्या हातात काय आहे, ते केव्हा वाजवतात, कुणी वाजवायचं नाही, हे आधी लिहून काढा. एक पान पुरे. वाद्यं दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर दोघांना मिळून एकच वस्तू दिली असती: तांब्याचा हंडा.

का ते सांगतो. जुन्या नाशकात तांबट आळी आहे. तिथले हातोडे आता पुष्कळ कमी झाले, पण एका नाटकासाठी मी तिथे दोन सकाळी माइक लावून बसलो होतो. कारागीर हंड्याचं पोट लोखंडी खुंटावर धरून मठारत, म्हणजे हातोडीने ठोकून घडवत, होता. आपल्याला वाटतं, ठक ठक ठक, सरळ ठेका. तसा तो नसतो. तो तीन-चार ठोके देतो, हंडा बोटभर फिरवतो, फिरवताना हातोडा खुंटावर नुसता टेकतो आणि तिथे एक हलकी उडी मारतो. ती उडी हा त्या लयीतला सगळ्यात सुंदर ठोका, आणि तो मारलेला नाही, सुटलेला आहे. हंडा रुंदावत जातो तसे एका फेरीतले ठोके वाढतात. म्हणजे आवर्तन हळूहळू लांबत जाणारा ताल आहे हा! आपल्या तालशास्त्रात असला ताल बसवायचा तर पंडितजी उठून जातील, पण तांबटाच्या हाताला तो अगदी सहज आहे.

दुसरी गोष्ट त्या कारागिरानेच दाखवली. भट्टीतून काढून थंड केलेलं तांबं बद्द वाजतं, ओल्या मातीवर थाप मारल्यासारखं. ठोकत गेलं की ते टणक होतं आणि वाजायला लागतं. फारच टणक झालं तर चिरेल, म्हणून पुन्हा तापवून मऊ करायचं, की पुन्हा बद्द. बद्द ते खणखणीत, परत बद्द. हा त्या धातूचा स्वभाव आहे.

आता हे तुमच्या वरच्या लोकांना देऊन बघा. त्यांचं गाणं बद्द हंड्यावर सुरू होतं आणि हंडा वाजायला लागला की संपतं. तिसऱ्या मिनिटाचा तो फुगारा आपोआप गेला, कारण गाणं किती चालेल हे आता गायकाच्या हातात नाही, तांब्याच्या हातात आहे. ज्या क्षणी सूर नितळ लागतो त्या क्षणी थांबायचं. आपल्यासारख्या ऐकणाऱ्याला ते अपुरं वाटेल. आपल्याकडे सूर लागला की मैफल सुरू होते, त्यांच्याकडे तिथे आटोपते. परकेपणा इथून येतो, विचित्र आवाजातून नाही.

खालच्यांकडे तोच हंडा, पण ते पाण्यातले लोक. हंड्यात पाणी घालून वाजवला की सूर उतरतो, हे जलतरंग पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आणि हंडा कमरेवर घेऊन चालताना पाणी हिंदकळलं की सूरही हिंदकळतो. म्हणजे खालच्यांना ‘स्थिर सूर’ ही कल्पनाच नसेल. त्यांच्या दृष्टीने न हलणारा सूर म्हणजे रिकामं भांडं किंवा मेलेलं माणूस. वरच्यांच्या दृष्टीने हलणारा सूर म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. वस्तू एक, तिच्यावरून निघालेली मतं दोन. ‘दोन्ही सारखंच वाटतं’ ही तुमची अडचण आहे ना? त्यावर अधिक वेगळे आवाज हा उपाय नाही. दोघांमध्ये काहीतरी सारखं ठेवा, म्हणजे फरक त्याच्यावर उमटेल. पांढऱ्या धोतरावरच डाग दिसतो.

आता सुरांकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या तुकड्यांत सगळ्यात मोठी उणीव इथे आहे आणि ती भरून काढायला पैसे लागत नाहीत.

सुरांमधलं अंतर सेंट या मापाने मोजतात आणि सप्तकाचे १२०० सेंट धरतात. हार्मोनियम-कीबोर्डवर त्याचे बारा सारखे तुकडे, प्रत्येकी १०० सेंटचे. तानपुऱ्याच्या तारेतून आपसूक ऐकू येणारा गांधार ३८६ सेंटवर असतो आणि कीबोर्डवरचा ४०० वर. हा १४ सेंटांचा फरक सुगम गाण्यात लपून जातो, पण तानपुरा लावून कीबोर्डचा गांधार धरून ठेवला की दाढेत खडा आल्यासारखा कचकचतो. पंचमाचं तसं नाही. शुद्ध पंचम ७०२ सेंट, कीबोर्डचा ७००. कान भांडत नाही.

वरच्यांना हे शुद्ध सूर द्या: ३८६ चा गांधार, ७०२ चा पंचम. ठोकून ठोकून नितळ केलेला सूर त्यांना शोभतो. खालच्यांच्या सप्तकाचे पाच सारखे भाग करा, प्रत्येकी २४० सेंटचे. हंड्याच्या आतल्या बाजूला पाच खुणा आहेत आणि तिथवर पाणी भरतात, अशी कल्पना करा. जावा बेटावरच्या गॅमेलानमध्ये (धातूच्या वाद्यांच्या ताफ्यात) स्लेंद्रो नावाची पाच सुरांची पद्धत साधारण अशी, जवळजवळ सारख्या अंतराची असते, त्यामुळे हे काही चंद्रावरचं नाही, माणसाच्या कानाला झेपणारं आहे. यात आपला गांधारही नाही आणि मध्यमही धड नाही. पण तिसरी पायरी येते ७२० सेंटवर, म्हणजे जवळजवळ पंचम. नेमका पंचम नव्हे.

आता दोघांना एकत्र उभं करा. षड्ज २०० हर्ट्झचा घेतला तर वरच्यांचा पंचम ३०० हर्ट्झच्या अगदी जवळ आणि खालच्यांचा ३०३ च्या थोडा वर. दोन्ही एकदम लावले की सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात, व्वँ-व्वँ-व्वँ. हा आवाज वरच्यांनी काढलेला नाही आणि खालच्यांनीही नाही. दोन लोक शेजारी उभे राहिल्याशिवाय तो जन्मालाच येत नाही. तुमच्या अल्बमचा विषय नेमका हा आहे. मी असतो तर पहिली पंचवीस मिनिटं हे दोन पंचम एकत्र येऊ दिलेच नसते.

करायला सोपं आहे. पुष्कळ सॉफ्टवेअर वाद्यं आता स्काला नावाची सुरावटीची फाइल वाचतात. साध्या अक्षरांची फाइल असते, नोटपॅडमध्ये वर नाव, मग सुरांची संख्या आणि खाली पाच आकडे (240.0 असे, दशांश टिंबासह) लिहिले की झाली. तुमचं वाद्य वाचत नसेल तर प्रत्येक सुराचा वेगळा नमुना करून हव्या तेवढ्या सेंटांनी हलवा. पाचच सूर आहेत, अर्ध्या तासाचं काम. आणि कृपा करून ऑटोट्यून, म्हणजे गळ्याचा सूर आपोआप पट्टीवर ओढणारी सोय, बंद ठेवा. तुमच्या दुसऱ्या तुकड्यात गाणाऱ्या मुलीचा आवाज सुंदर आहे, तिचा गांधार आपसूक खाली उतरत होता आणि तुम्ही तो ओढून पट्टीवर बसवलात. ती बरोबर होती.

लयीचं थोडक्यात. दोघांना वेगवेगळा वेग देऊ नका, वेगवेगळी मोजणी द्या. वरचे ठोके मोजतात. खालचे श्वास मोजतात, एका दमात जेवढं होईल तेवढं वाक्य. पाण्याखाली घर असलेल्यांना दम किती टिकतो हे माहीत असणारच. त्यांच्यासाठी क्लिक, म्हणजे कानात वाजणारी ठेक्याची टिकटिक, पूर्ण बंद. चार जणांना एकत्र उभं करा, प्रत्येकाने आपापल्या श्वासाने म्हणायचं आणि सगळ्यांत लांब दमाच्या माणसासाठी बाकीच्यांनी थांबायचं. दोन दिवस गोंधळ होईल, तिसऱ्या दिवशी एकमेकांचे खांदे बघून सुरू करायला लागतील.

जमाव किती मोठा, यावरही लय ठरते, आणि हे नाशिककराला सांगायची गरज नसावी. ढोलपथकाच्या रांगेत पुढच्या टोकाचा ठोका मागच्या टोकाला पोचायला वेळ लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटर लांब रांगेत दशांश सेकंदाचा उशीर. मिनिटाला १२० च्या लयीत ठोक्याचा चौथा हिस्सा सव्वाशे मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे मागचा वादक जवळजवळ पाव ठोका मागे. बहुधा म्हणूनच मोठ्या पथकात बारीक, गुंतलेलं काम ताशावाल्यांकडे आणि ढोलाकडे ठोक हात. नाशिक ढोलाची ती सुप्रसिद्ध दणदण केवळ आवड म्हणून तशी नाही, गल्लीची लांबीही त्यात असावी. तुमच्या वरच्यांचं गाव किती मोठं? चाळीस माणसं चौकात वाजवत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये चाळीस ठोके एकाच रेषेत ठेवू नका. पाच ते ऐंशी मिलिसेकंदांत पसरा. लगेच चौक दिसायला लागेल.

आता एक जरा अवघड विषय. तुम्ही विचारलंय, सुरगाणा-पेठकडचं थाळीवरचं गाणं रेकॉर्ड करून खालच्यांसाठी वापरलं तर चालेल का.

नको.

ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणा समाजात थाळकथा सांगतात. कांशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवतात. कथेकरी त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढतो, एका हातामागून दुसरा, आणि थाळी गुंजायला लागते. दिसायला इतकं साधं की पहिल्यांदा पाहणारा आवाज कुठून येतोय ते शोधत बसतो. त्या गुंजारवावर रात्र रात्र कथा चालते. मी पहिल्यांदा जवळून ऐकलं तेव्हा माइक लावायचं विसरून काडीकडेच बघत होतो. सूर सलग वाटतो, पण नीट ऐकलं तर हात बदलताना तो किंचित खचतो आणि पुन्हा उभा राहतो. कथा त्या खचण्या-उठण्याच्या पाठीवर बसून जाते.

ही जिवंत माणसांची, जिवंत कथा आहे. तिचे चार सेकंद कापून ‘काल्पनिक जमातीचं संगीत’ म्हणून लावायचे म्हणजे समोर बसलेल्या माणसाला काल्पनिक ठरवायचं. वारल्यांचा तारपा, कोकण्यांची पावरी यांचंही तेच. कानाला ‘आदिवासी’ वाटणारं काहीतरी घेतलं की परकेपणा फुकटात मिळतो असं वाटतं आणि शहरातल्या निम्म्या लोकांनी तो तसाच उचललाय. चाल घेऊ नका, नमुना घेऊ नका. त्यातलं तत्त्व कळलं तर ते घेऊन आपलं काहीतरी बनवा. घर्षणातून येणारा सलग सूर हवा ना? हंड्याच्या काठावर ओलं बोट फिरवून बघा. पितळी वाटीवर, काचेच्या ग्लासवर बघा. काहीतरी चुकेल, त्या चुकीतून तुमच्या खालच्यांचं वाद्य निघेल. आणि कुणा थाळकऱ्याला खरंच सोबत घ्यायचं असेल तर त्याच्या नावाने, त्याच्या अटींवर, मानधन देऊन, आणि तो जे म्हणतोय ते त्याचं म्हणून. मग तो वेगळा अल्बम होईल. कदाचित हा सोडून तोच करावासा वाटेल.

आता माझं पोळलेलं तोंड. वीसेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या नाटकात दोन गावं होती, दोन्ही काल्पनिक. डोंगरातलं गाव आणि कारखान्याचं गाव. मी डोंगराला बासऱ्या, चिपळ्या, मोकळे गळे दिले आणि कारखान्याला घरघर, शिट्ट्या, एकसुरी ठोके. मला वाटलं, काय विरोध साधलाय! तालमीला आमच्या रंगमंच व्यवस्थेतला एक मुलगा बसायचा. दिवसा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस यंत्रावर काम करणारा. तो मला म्हणाला, “दादा, आमच्या प्रेसवर सहा जण असतात, आम्ही दिवसभर गात असतो. प्रेसच्या ठोक्यावरच गातो.” मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मी कारखान्याच्या गावाला संगीतच दिलं नव्हतं, फक्त आवाज दिला होता. संगीत माझ्या आवडत्या गावाकडे आणि गोंगाट नावडत्या गावाकडे. परीक्षकांनी काही म्हटलं नाही, पण मला ते पार्श्वसंगीत आजही ऐकवत नाही.

तुमच्या तुकड्यांत तेच होतंय. खालचे सोशिक, ओले, हळवे. वरचे कोरडे, दणदणीत, जरा क्रूर. ऐकणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळतं की तुमचा जीव कुणात आहे, मग उरलेली एकोणचाळीस मिनिटं तो कशाला ऐकेल? वरच्यांना एक अंगाई द्या. खालच्यांना एक असभ्य, दारू प्यायल्यावर म्हणायचं गाणं द्या. वरच्यांच्या अंगाईत हातोडा असेलच, त्याला इलाज नाही. आई कामावरून उठलेली नाही, पायाने पाळणा हलवते आणि हाताने मठारते. हे जमलं तर मला पाठवा, मला स्वतःला ते ऐकायचंय.

भाषेबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात की शब्द बनवतोय. बनवा, पण आधी ध्वनी वाटून घ्या. वरच्यांच्या भाषेत ‘ळ’ ठेवा, खालच्यांच्या भाषेत अजिबात नको. मराठी कानाला ‘ळ’ नसलेली भाषा लगेच परकी वाटते आणि का ते सांगता येत नाही. खालच्यांना सगळे शब्द स्वरावर संपवायला लावा, कारण श्वासावर गाणाऱ्याला बंद तोंडाने थांबणं परवडत नाही. बाकी व्याकरण वगैरे पन्नास पानं लिहू नका. ते लिहिण्यात मजा असते म्हणूनच सांगतो. अल्बम राहून जातो.

जागेचं म्हणाल तर संगणकातला रिव्हर्ब काढून टाका. पांडवलेण्यात रेकॉर्डिंग करायचं डोक्यात आलं असेल, सगळ्यांच्याच येतं. ते संरक्षित स्मारक आहे, स्टँड-माइक लावायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. शिवाय हायवेची घरघर वरपर्यंत येते. त्यापेक्षा मळ्यातली जुनी दगडी विहीर बघा. मी दोन माइक दोरीने सोडतो, एक पाण्याच्या हातभर वर आणि एक निम्म्यात, आणि गाणारा काठावर. पाण्याजवळचा माइक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा मोह होतो, गुंडाळू नका, पिशवी चुरचुरते. पारव्यांना उठवून अर्धा तास थांबा, ते परत येतात आणि मग गप्प बसतात. काही खर्जातले सूर विहीर स्वतःहून उचलते, म्हणजे तुम्ही तो सूर साधा म्हटला तरी आतून तो भरून येतो. ते सूर टिपून घ्या आणि खालच्यांचा षड्ज त्यांतूनच निवडा. त्यांची पट्टी पेटीवरून ठरवायची नाही, विहिरीवरून ठरवायची. वरच्यांना उलट, उघडं माळरान. भिंत नाही, परत येणारा आवाज नाही, वारा फक्त. सिन्नरहून माळरान शोधायला तुम्हाला माझी गरज नाही.

क्रमाबद्दल. एक त्यांचं, एक यांचं असं काटेकोर आलटून पालटून ठेवलंत तर चौथ्या तुकड्यानंतर ऐकणाऱ्याला वेळापत्रक कळतं. मी वरच्यांचे तीन सलग लावले असते, इतके की तेच ‘साधं’ संगीत वाटायला लागावं. मग खालच्यांचा एक, जो चुकीचा वाटेल. मग खालच्यांचे तीन, आणि त्यानंतर वरच्यांचा पहिलाच तुकडा पुन्हा, जसाच्या तसा. तो आता चुकीचा वाटला पाहिजे.

आणि शेवटाकडे एक तुकडा असा करा की दोघं एकमेकांची नक्कल करतायत. चुकीची. खालचे वरच्यांची अंगाई म्हणतात, पण त्यांच्याकडे ३८६ चा गांधार नाही, म्हणून ते २४० किंवा ४८० वर जातात, आणि हातोड्याची उडी त्यांना समजलेली नाही म्हणून तिथे श्वास घेतात. वरचे खालच्यांचं दारूचं गाणं म्हणतात, पण सूर हलू देत नाहीत. लग्नातला आपला बँड बघा. लष्करी बँडची पितळी वाद्यं, लष्करी टोप्या, झालरी, आणि वाजतं काय तर वरातीचं गाणं. कुणीतरी कुणाची तरी नक्कल केली, ती बरोबर जमली नाही, आणि न जमलेल्या भागातून वरात निघाली. तुमच्या दोन पंचमांना एकत्र येऊ द्यायची जागा हीच, पंचविसाव्या मिनिटानंतरची. व्वँ-व्वँ दहा सेकंद राहू द्या. कुणीही कुणाकडे सरकायचं नाही.

माहितीपुस्तिकेत दोन्ही लोकांचा इतिहास लिहायचा म्हणताय. एक परिच्छेद, त्याहून जास्त नको. तोही त्यांच्यापैकीच कुणीतरी दुसऱ्यांबद्दल लिहिलेला, म्हणजे अर्धा चुकीचा.

सुरुवात येत्या रविवारी करा. लॅपटॉप घरी ठेवा. मळेवाल्याला आधी विचारून घ्या की त्या आठवड्यात शेतीची लाइट कधी नसते, कारण ती आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि रेकॉर्डिंग संपतं. त्याआधी शनिवारी भांडीबाजारात जाऊन मोडीतला तांब्याचा हंडा वजनावर घ्या. नवा नको, नव्याचा पत्रा बहुधा पातळ असतो. चार-पाच हंडे बोटाच्या पेराने वाजवून बघा, काठाजवळ आणि पोटावर, आणि ज्याच्यात दोन जागी दोन वेगळे सूर निघतात तो उचला. दुकानदार विचारेल, घ्यायचाय की वाजवायचाय. वाजवायचाय म्हणून सांगा, मग तो स्वतःच आतून एखादा काढून देईल.